आकडा मोजला, निबंध कोणी वाचला?

गणपतीतली माटोळी उतरवून थोडे दिवस झाले की, साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात, इथल्या वर्तमानपत्रांत एक बातमी ठरलेली असते: जगातल्या अव्वल दोन टक्के शास्त्रज्ञांत गोव्याचे अमुक जण. ताळगाव पठार, दोनापावल, बांबोळी, झुआरीनगर अशी इथल्या संस्थांची ठिकाणं येतात, फोटो छापले जातात, शाल-श्रीफळ होतं. कौतुकाला हरकत नाही. हरकत त्याच्या पुढच्या पायरीला आहे. तोच आकडा नंतर बढतीच्या फाइलीत चिकटवला जातो, निवड समितीच्या टेबलावर ठेवला जातो, आणि तो जे सांगतच नाही ते त्याच्या तोंडून वदवून घेतलं जातं.

आधी ही यादी काय आहे ते पाहू. तिला ‘स्टॅनफर्डचा पुरस्कार’ म्हणायची पद्धत पडली आहे, पण पुरस्कार कोणी देत नाही. स्टॅनफर्डचे प्राध्यापक जॉन इओआनिडिस आणि त्यांचे सहकारी एल्सेव्हियर कंपनीच्या स्कोपस या डेटाबेसमधून भल्यामोठ्या एक्सेल फाइली तयार करून खुल्या ठेवतात. पहिली आवृत्ती २०१९ची. एकूण सायटेशन, एच-इंडेक्स (या दोन्हींचा अर्थ पुढे येतो), सहलेखकांच्या संख्येनुसार दुरुस्त केलेला एचएम-इंडेक्स, आणि लेखकाचं नाव कितवं आहे हे बघून मोजलेली आणखी तीन मापं, अशी सहा मापं मिळून एक ‘सी-स्कोअर’ निघतो. दोन टक्के मोजायचे ते त्या-त्या उपविषयातले, आणि किमान पाच निबंध नावावर असलेल्यांतले. फाइली दोन प्रकारच्या असतात: एक सबंध कारकिर्दीची, दुसरी फक्त एका वर्षाची. आपल्या बातम्यांत हा फरक बहुतेक वेळा गाळलेला असतो. खरा मजकूर तर फाइलीच्या उजवीकडच्या रकान्यांत आहे: स्वतःच स्वतःला दिलेल्या सायटेशनचं प्रमाण किती, आणि अलीकडच्या आवृत्त्यांत, मागे घेतलेले निबंध किती. यादी करणाऱ्यांनी सावधगिरीची साधनं तिच्यातच दिली होती. आपण नेमकी तेवढी सोडून बाकीचं उचललं.

सायटेशन म्हणजे दुसऱ्याच्या निबंधाच्या संदर्भयादीत तुमच्या निबंधाची नोंद. ती का झाली हे मोजणारं यंत्र बघत नाही. आधार म्हणून, पद्धत म्हणून, सवयीने, किंवा खोडून काढायला, सगळ्याला एकच गुण. एमएमआर लस आणि ऑटिझम यांचा संबंध सुचवणारा ‘लॅन्सेट’मधला १९९८चा निबंध २०१०मध्ये मागे घेतला गेला, तरी त्याची सायटेशन वाढतच राहिली. त्यातली कितीतरी त्याला खोटं ठरवणाऱ्यांची आहेत. आणि आजवर सर्वाधिक सायटेशन मिळालेला निबंध कोणता? लावरी आणि सहकाऱ्यांचा १९५१चा, परीक्षानळीतलं प्रथिन मोजायच्या कृतीचा. सायटेशन तीन लाखांच्या वर. कृती उपयोगाची म्हणून नोंद होते, यात वावगं काही नाही; पण सायटेशन म्हणजे थोरवी हे समीकरण एवढ्यानेच मोडतं.

एच-इंडेक्स २००५ साली जॉर्ज हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने सुचवला. तुमच्या जितक्या निबंधांना प्रत्येकी किमान तितकीच सायटेशन मिळाली, तो तुमचा एच. हिशेब करून पाहा. एका संशोधिकेचे पाचच निबंध, प्रत्येकाला ३०० सायटेशन: एकूण १५००, एच ५. दुसऱ्याचे १२ निबंध, प्रत्येकाला १२: एकूण १४४, एच १२. नुसता एच लावून उमेदवार क्रमाने बसवले तर दुसरा वर जातो. शिवाय हा आकडा कधी खाली येत नाही. माणूस काम थांबवतो, आकडा चढत राहतो. पस्तिशीतल्या आणि पंचावन्नीतल्या उमेदवाराची त्यावर तुलना करणं म्हणजे कवाथा, माडाचं कोवळं रोप, आणि जुना माड शेजारी उभे करून कोणाची निगा जास्त झाली ते ठरवणं.

जैववैद्यकात याहून वेगळा गुंता आहे. जागतिक रोगभाराच्या अभ्यासासारख्या निबंधांना शेकडो लेखक असतात आणि सायटेशन हजारोंनी मिळतात. अशा चार-पाच निबंधांत कुठे मधोमध नाव आलं की एकूण बेरीज एकदम उडी घेते. त्या माणसाने गैर काही केलेलं नसतं. माहिती पुरवली असेल, मसुद्यावर शेरे दिले असतील. पण त्या हजारांत त्याचं स्वतःचं किती, हे बेरीज सांगत नाही. ते नावांच्या क्रमात शोधावं लागतं. जैववैद्यकात पहिलं नाव साधारणपणे ज्याने काम केलं त्याचं, शेवटचं ज्याने गट चालवला, पैसा आणला आणि जबाबदारी घेतली त्याचं. मधल्या नावांचं वजन निबंधाच्या शेवटी छापलेल्या योगदानाच्या परिच्छेदात कळतं. वैद्यकीय संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने लेखक म्हणवून घ्यायला चार अटी घातल्या आहेत: आखणीत किंवा माहिती गोळा करण्यात-तपासण्यात भरीव वाटा, लेखन किंवा चिकित्सक दुरुस्ती, अंतिम मसुद्याला मान्यता, आणि सगळ्या कामाची जबाबदारी. चारही हव्यात. खातेप्रमुख असणं ही त्यातली एकही अट नाही.

आता आपल्या नियमांकडे वळू. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमावलीत शोधनिबंधांच्या गुणांचं कोष्टक आहे. जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे त्यातल्या निबंधांना मिळणाऱ्या सायटेशनची सरासरी, १पेक्षा कमी असेल तर १० गुण, १ ते २ असेल तर १५, २ ते ५ असेल तर २०, ५ ते १० असेल तर २५, त्याहून वर ३०. (हा फॅक्टर ‘थॉमसन रॉयटर्सच्या यादीप्रमाणे’ घ्यावा, असं कोष्टक म्हणतं. थॉमसन रॉयटर्सने तो व्यवसाय २०१६मध्येच विकला होता. तेव्हापासून यादी क्लॅरिव्हेट काढते. नियम लिहिणाऱ्यांनी ती यादी शेवटची कधी उघडली असेल?) लेखक दोनपेक्षा जास्त असतील तर मुख्य लेखकाला ७० टक्के आणि बाकीच्या प्रत्येकाला ३० टक्के. २० गुणांचा निबंध घ्या. तीन लेखक असतील तर वाटणी १४, ६, ६. सहा लेखक झाले तर १४ आणि पाच वेळा ६, एकूण ४४. दहा झाले तर ६८. मुख्य लेखकाचे १४ जिथल्या तिथे. म्हणजे चौथं, सातवं, दहावं नाव घालताना त्याच्या खिशातून एक गुणही जात नाही, आणि संस्थेची बेरीज मात्र मूळ २० गुणांच्या तिपटीच्या वर जाते. भेटीदाखल नावं का घातली जातात, याला नीतीचं प्रवचन लागत नाही. कोष्टकच तसं आहे.

आणि गुण ज्याच्यावर ठरतात तो इम्पॅक्ट फॅक्टर माणसाचा नाहीच, नियतकालिकाचा आहे. युजीन गारफिल्ड यांनी १९५५मध्ये सायटेशन-सूचीची कल्पना मांडली, आणि पुढे त्यातूनच कोणती जर्नलं निवडावीत हे ठरवायला हे माप निघालं. मागच्या दोन वर्षांत जर्नलने छापलेल्या मजकुराला यंदा मिळालेली सायटेशन भागिले त्या दोन वर्षांतले निबंध. ही सरासरी आहे, आणि सायटेशनची वाटणी इतकी विषम असते की सरासरीला अर्थ उरत नाही. स्फटिकशास्त्राच्या ‘अॅक्टा क्रिस्टलोग्राफिका ए’ या जर्नलचा फॅक्टर २च्या आसपास असायचा; २००९चा निघाला तो ४९च्या पुढे. कारण एकच: २००८मधला शेल्ड्रिक यांचा एक निबंध, ज्यातली संगणकप्रणाली वापरणाऱ्या प्रत्येकाने त्याचा हवाला दिला. त्या दोन वर्षांत तिथे छापून आलेले बाकीचे लेखक काही एका रात्रीत पंचवीसपट हुशार झाले नाहीत. हे ओळखूनच २०१२च्या डिसेंबरात सॅन फ्रान्सिस्कोत जमलेल्या संपादक-संशोधकांनी ‘डोरा’ जाहीरनामा तयार केला: नेमणूक, बढती, निधी यांसाठी जर्नलचा फॅक्टर वापरू नका, निबंधाचा मजकूर बघा. आपलं कोष्टक त्यानंतर सहा वर्षांनी आलं.

आकड्यांच्या बाजूनेही एक तगडं म्हणणं आहे, आणि ते टाळून चालणार नाही. गोवा लहान आहे. २०११च्या जनगणनेत आपण साडेचौदा लाख होतो. उमेदवार, त्याचा मार्गदर्शक आणि समितीतला सदस्य एकाच वर्गात शिकलेले, एकाच वाड्यावरचे, किंवा सोयरे असण्याची शक्यता इथे मुंबई-दिल्लीपेक्षा कितीतरी जास्त. ‘मजकूर वाचून ठरवा’ म्हटलं की वशिल्याला दार उघडं. आकडा निदान कोणाचा काका-मामा नसतो. हे म्हणणं खरं आहे. पण कोष्टकाने वशिला थांबत नाही, तो फक्त एक पायरी मागे सरकतो: नेमणुकीतून लेखकांच्या यादीत. वरच्या ६८ गुणांकडे पुन्हा बघा. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात वजनांवर सरकारी शिक्का असतो म्हणून मिरच्या निवडून घ्यायचं कोणी सोडत नाही.

आता विचारायचं ते हे की निवडून घ्यायचं कसं.

पहिलं काम ओळख पटवण्याचं, आणि गोव्यात ते वाटतं तितकं सोपं नाही. नाईक, गावकर, देसाई, कामत, फर्नांडिस, डिसोझा: आद्याक्षर एक आणि आडनाव एक, अशी डझनभर माणसं एकाच डेटाबेसमध्ये. गूगल स्कॉलरचं प्रोफाइल ‘आपोआप जोडा’वर ठेवलं की दुसऱ्या कुणा एस. नाईकचे अभियांत्रिकीचे निबंध डॉक्टरांच्या खात्यात जमा होतात. उलट गावकर रोमन लिपीत तीन-चार प्रकारे लिहिलं जातं, प्रभुदेसाई एकदा जोडून आणि एकदा तोडून, त्यामुळे एकाच माणसाचं स्कोपसमध्ये दोन-तीन तुकड्यांत विभाजन होतं. लग्नानंतर आडनाव बदललेल्या संशोधिकांचं तर अर्धं काम हरवतं. उपाय आहे: २०१२पासून मिळणारा, फुकटचा, सोळा अंकी ऑर्किड क्रमांक. अर्जात तो सक्तीचा करावा आणि यादी त्यावरूनच घ्यावी. गूगल स्कॉलर प्रबंध, परिषदांची टिपणं, प्रीप्रिंट (तपासणीआधीच खुले केलेले मसुदे) सगळंच मोजतं, म्हणून तिथला आकडा स्कोपसपेक्षा जवळपास नेहमीच मोठा निघतो. दोन उमेदवारांचे आकडे दोन वेगळ्या ठिकाणांहून घेतले तर ती तुलना बाद.

मग ‘पबमेड-इंडेक्स्ड’ हा शब्द. पबमेड म्हणजे वैद्यकीय निबंध शोधायचं फुकट संकेतस्थळ. यातही मेख आहे. पबमेडमध्ये निबंध दिसणं आणि जर्नल मेडलाइनसाठी, म्हणजे पारखून घेतलेल्या जर्नलांच्या सूचीसाठी, निवडलं जाणं या दोन गोष्टी वेगळ्या. पबमेड सेंट्रल या पूर्ण निबंधांच्या खुल्या संग्रहात ठेवलेला निबंध मेडलाइनमध्ये नसलेल्या जर्नलचा असू शकतो, तरी शोधल्यावर पबमेडमध्ये येतोच. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाच्या कॅटलॉगमध्ये जर्नलचं नाव घालून ते मेडलाइनसाठी सध्या घेतलं जातं की नाही हे बघायला दोन मिनिटं लागतात. त्याच बैठकीत निबंधाचा डीओआय, म्हणजे कायमचा ओळखक्रमांक, घालून ‘रिट्रॅक्शन वॉच’च्या मागे घेतलेल्या निबंधांच्या यादीत तपासावा. ही यादी २०२३पासून क्रॉसरेफ या डीओआय नोंदवणाऱ्या संस्थेकडे आहे आणि सर्वांना खुली आहे. हा उगाच संशय नव्हे. एकट्या हिंदावी प्रकाशनाने २०२३मध्ये आठ हजारांवर निबंध मागे घेतले. त्यांतल्या कितीतरी निबंधांवर कुठे ना कुठे कोणाला तरी गुण मिळाले असतील.

सायटेशन बघायचीच असतील तर ती त्या विषयाच्या तुलनेत बघावीत. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांचं ‘आयसाइट’ हे साधन फुकट आहे: पबमेड क्रमांक घाला, सापेक्ष सायटेशन गुणोत्तर मिळतं. निबंध ज्या इतर निबंधांच्या सोबतीने उद्धृत होतो त्या गोतावळ्याशी त्याची तुलना होते. १ म्हणजे त्या संस्थांच्या निधीतून झालेल्या मधल्या दर्जाच्या निबंधाइतका. अलीकडच्या निबंधांचं गुणोत्तर कच्चं असतं, त्यावर काही ठरवू नये. तिथेच आणखी एक रकाना आहे, जैववैद्यकासाठी मला तो सर्वांत मोलाचा वाटतो: निबंधाचा हवाला रुग्णांवरच्या चाचण्यांनी किंवा उपचारांच्या मार्गदर्शक सूत्रांनी घेतला का? आणि चाचणीचा निबंध असेल तर सीटीआरआय, म्हणजे भारतीय चाचणी-नोंदवहीत, नोंदणीची तारीख आणि पहिला रुग्ण घेतल्याची तारीख शेजारी ठेवून बघाव्यात. एप्रिल २०१८पासून तिथे आधी नोंदणी, मग रुग्ण, हाच क्रम चालतो. नोंदवताना मुख्य मोजमाप एक आणि छापताना दुसरंच असेल, तर सायटेशन कितीही असोत, मुलाखतीत तो प्रश्न आधी यावा.

स्वतःला दिलेली सायटेशन हा गुन्हा नाही. सलग एका विषयावर काम करणारा आधीच्या कामाचा हवाला देणारच. बघायचं ते एवढंच की बाहेरच्यांची सायटेशन येतात कुठून. निम्म्याहून अधिक जर त्याच दोन-तीन जर्नलांतून आणि त्याच पाच-सहा सहलेखकांकडून येत असतील तर खुलासा मागावा.

हे सगळं गोव्यासाठी का महत्त्वाचं, ते सत्तरी तालुक्यात कळतं. माकडतापाचा विषाणू १९५७मध्ये कर्नाटकात शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात ओळखला गेला. २०१५मध्ये तो सत्तरीत आला, पुढच्या वर्षी शेजारच्या दोडामार्गात. गोचिडीतून पसरणारा हा आजार पश्चिम घाटाच्या पट्ट्याबाहेर जगाला जवळजवळ ठाऊकच नाही. काजूच्या हंगामात बागायतीत जाणाऱ्यांना गोचीड कुठे आणि कधी चावते, यावर कोणी अव्वल निबंध लिहिला तरी त्याचा हवाला घेणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. नॅनोकणांवरचा बरा-वाईट आढावा त्याच काळात शंभरी गाठेल, कारण ते क्षेत्रच गजबजलेलं. आपण दोघांना एकाच तागडीत घातलं, तर तरुण संशोधकाला आपण सांगतो काय? सत्तरीत वाळपईला जाऊ नकोस, आढावा लिही.

उलट उदाहरणही इथलंच आहे. ‘संगत’ या संस्थेने गोव्यातल्या २४ दवाखान्यांत, १२ सरकारी आरोग्य केंद्रं आणि १२ खासगी डॉक्टर, ‘मानस’ चाचणी केली: नैराश्य-चिंतेच्या रुग्णांना प्रशिक्षित स्थानिक समुपदेशकांनी मदत केली तर फरक पडतो का? २७९६ रुग्ण, निबंध ‘लॅन्सेट’मध्ये २०१० साली. जगभर त्याचा हवाला दिला जातो आणि तो योग्यच आहे. पण निबंध उघडल्यावर दिसतं की फायदा ठळक दिसला तो सरकारी केंद्रांत. खासगी दवाखान्यांत तसा फरक आढळला नाही. आपल्या आरोग्य खात्याच्या दृष्टीने हाच त्यातला सर्वांत कामाचा परिच्छेद. सायटेशनच्या आकड्यात तो कुठेही नाही.

डॉ. फ्रॉयलानो द मेलो यांचं काय करायचं? पणजीच्या जुन्या एस्कोला मेडिकाचे, म्हणजे आजच्या गोमेकॉच्या (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या) पूर्वजाचे, ते संचालक होते. परजीवींवर त्यांनी आयुष्यभर लिहिलं, सासष्टीत मकाझानला कुष्ठरुग्णालय उभं केलं. बरंचसं लेखन पोर्तुगीज आणि फ्रेंचमध्ये. १९५५च्या जानेवारीत ते ब्राझीलमध्ये वारले. गारफिल्ड यांचा लेख त्याच वर्षाच्या उन्हाळ्यातला. आजच्या डेटाबेसमध्ये त्यांचा एच काढायला गेलं तर जे हाती येईल ते त्यांच्याविषयी नसेल, भाषेविषयी असेल.

संधी आत्ताच आहे. आयोगाने फेब्रुवारी २०२५मध्ये केअर ही मान्य जर्नलांची यादी बंद केली आणि जर्नलं निवडायची जबाबदारी संस्थांवर टाकली. गोवा विद्यापीठाने आणि राज्य सरकारने दुसरी एखादी यादी शोधत बसू नये. आकडे चाळणीपुरते ठेवावेत: किमान अट पूर्ण झाली की त्यांचं काम संपलं, पुढचा क्रम त्यांवर लावू नये. प्रत्येक उमेदवाराने आपले पाच निबंध निवडावेत आणि प्रत्येकावर एक पान लिहावं: प्रश्न काय होता, यात माझा हात कशाला लागला, निष्कर्ष कुठे लंगडा आहे, आणि इथल्या दवाखान्यात किंवा प्रयोगशाळेत त्याने काय बदललं. ही पानं मुलाखतीच्या पंधरा दिवस आधी संकेतस्थळावर टाकावीत. लहान राज्यात सगळे सगळ्यांना ओळखतात, हे इथे कामी येतं. खोटं योगदान लिहिलेलं सहलेखकाच्या नजरेतून सुटणार नाही.

गोमेकॉतल्या डॉक्टरांचा वेगळा विचार हवा. सगळ्या गोव्याचा आणि वर सिंधुदुर्ग-कारवारचा भार तिथल्या बाह्यरुग्ण विभागावर असतो. बढतीला निबंध हवाच असं सांगायचं आणि संख्याशास्त्रज्ञ द्यायचा नाही, म्हणजे माणूस पैसे भरून पंधरा दिवसांत छापून देणाऱ्याच्या दारात जाणार. वाचायच्या बाजूचा अडथळा ‘एक देश, एक सदस्यता’ योजनेने जानेवारी २०२५पासून बराच हलका झाला आहे. सरकारी संस्थांना १३ हजारांच्या आसपास जर्नलं खुली आहेत. लिहायच्या बाजूला दोन पूर्णवेळ संख्याशास्त्रज्ञ, आणि सर्पदंश, लेप्टोस्पायरोसिस, माकडताप यांच्या रुग्णांची रोज भरली जाणारी नोंदवही असली, तर केस रिपोर्टांचा, म्हणजे एकेका रुग्णावरच्या निबंधांचा, ढीग आपोआप कमी होईल.

एवढं वाचायला वेळ कुणाला आहे, असं म्हटलं जातं. हिशेब मांडू. १२ उमेदवार, प्रत्येकी पाच म्हणजे ६० निबंध, प्रत्येक दोघांनी वाचायचा, एका वाचनाला ४० मिनिटं: एकूण ८० तास. गोव्याबाहेरचे सहा वाचक घेतले तर प्रत्येकाला १३-१४ तास, म्हणजे दोन दिवसांचं काम. त्याचं मानधन ठरवावं. वाचकांनी उमेदवाराशी नातं नाही, सहलेखन नाही, असं लिहून द्यावं. आणि त्यांची टिपणं, नाव झाकून, निवडीनंतर मागेल त्या उमेदवाराला मिळावीत.